काटा अडला की काय करायचं? बॅरिॲट्रिक सर्जरीनंतरच्या संथ महिन्यांसाठी

बॅरिॲट्रिक म्हणजे वजन कमी करण्यासाठीच्या सर्जरीनंतर पहिल्या काही महिन्यांत उमेद वेगळी आणावी लागत नाही. भूक जवळजवळ नसते, ब्लाऊज सारखे आत घ्यावे लागतात, बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा “मॅडम, बारीक झालात” म्हणतो. मग आठव्या-दहाव्या महिन्याच्या आसपास घट महिन्याला चार किलोवरून दोनवर येते, दोनवरून अर्ध्यावर, आणि एखादा महिना असा उगवतो की काटा जागचा हलत नाही. खाणं तेच, चालणं तेच, गोळ्या त्याच. फक्त रोजची शाबासकी बंद.

माझं मत आधीच सांगून टाकते. या टप्प्यावर उमेद वाढवायच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिची गरजच कमी पडेल अशी दिवसाची मांडणी करायची. उमेद पावसाळ्यात खचते, सासरच्या लग्नात विरघळते, बॉसशी खटका उडाला की गायब होते. मांडणी मात्र टिकते. माझी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं अरुंद करण्याची सर्जरी) झालेली आहे, मी डॉक्टर नाही. खालचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने किंवा डाएटिशियनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

वेग का मंदावतो, हे एकदा नीट समजून घ्या

हे कळलं की निम्मी घालमेल थांबते.

पहिला थांबा फार लवकर येतो, बहुतेकांना तिसऱ्या आठवड्याच्या आगेमागे. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन (राखीव साखर) साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. सुरुवातीला हा साठा रिकामा होतो, म्हणून काटा धाडकन खाली येतो. साठा थोडा परत भरायला लागला की पाणीही परत येतं आणि काटा थबकतो. चरबी त्या काळातही कमी होत असते. या थांब्याला घाबरून सर्जनला रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲप करणारे पुष्कळ आहेत. सर्जनना त्याची सवय असते.

नंतरचा मोठा थांबा वेगळा. समजा तुम्ही ११८ किलोवरून ८६ वर आलात. म्हणजे पूर्वी जिना चढताना तांदळाची तीस किलोची गोणी पाठीवर होती, ती उतरली. आता तोच जिना चढायला शरीराला कमी इंधन लागतं, बसल्या जागीही कमी लागतं. जे खाणं ११८ किलोच्या देहाला अपुरं होतं, ते ८६ किलोच्या देहाला जवळजवळ पुरतं. जमाखर्च जुळला की वजन थांबतं.

भूकही परतते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढतात. त्यातच भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार करणारा भाग जातो, म्हणून सुरुवातीला जेवणाची आठवणही होत नाही. पुढे शरीर सावरतं, पोटात थोडं जास्त मावू लागतं. “माझं पोट ताणलं गेलं की काय” ही भीती प्रत्येकाला एकदा तरी वाटते. थोडं सैलावणं अपेक्षितच असतं. चार घासांऐवजी आठ घास जायला लागले म्हणून सर्जरी वाया गेली असं होत नाही.

बहुतेकांचं सर्वात कमी वजन बारा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान नोंदलं जातं, आणि त्यानंतर थोडं परत येणं हेही सर्रास घडतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची सर्जरी) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्के होती. निराश व्हायचं तर व्हा, पण मी या आकड्याकडे उलट बाजूने बघते. नुसत्या डाएटवर दहा वर्षं मूळ वजनाच्या चतुर्थांशाने कमी राहिलेली माणसं तुमच्या ओळखीत किती आहेत?

पायरी पहिली: खरंच अडलंय का ते तपासा

रोज वजन करणाऱ्याला काटा रोज वेगळी गोष्ट सांगतो. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं, बद्धकोष्ठ आहे, पाळी जवळ आली आहे, काल पहिल्यांदाच जास्त व्यायाम केला, यातल्या कशानेही किलो-दीड किलोचा फरक पडतो आणि त्याचा चरबीशी संबंध नसतो.

म्हणून आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. काटा फरशीवर, पायपुसण्यावर नाही. आकडा कॅलेंडरवर लिहा आणि चार आठवड्यांची सरासरी मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून बघा. पाळी चालू असलेल्या बायकांनी या महिन्याचा आकडा मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांशी ताडावा, गेल्या आठवड्याच्या आकड्याशी नाही. सलग सहा-आठ आठवडे सरासरी हललीच नाही, तर अडलंय असं म्हणा. त्याआधी म्हणू नका.

टक्केवारीही एकदा काढा. मूळ वजनातून आजचं वजन वजा करा, मूळ वजनाने भागा, शंभराने गुणा. ११८ वरून ८६ म्हणजे २७ टक्के. एक-दीड वर्षाने स्लीव्हनंतर साधारण २५ टक्क्यांच्या आणि बायपासनंतर ३० टक्क्यांच्या आसपास बहुतेकांची गाडी पोचते. तुम्ही त्या टप्प्याजवळ असाल तर गाडी बिघडलेली नाही, ती स्टेशनात आली आहे. डोक्यात ठरवलेला “साठ किलो” हा आकडा कुठून आला तेही स्वतःला विचारा. पुष्कळदा तो लग्नाच्या वेळच्या वजनाचा असतो.

पायरी दुसरी: काट्याशिवायची मापं ठरवा

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त फायदा आहे. काटा बोलायचा थांबला तरी शरीर बोलत असतं, फक्त ते लिहून ठेवणारं कोणी नसतं.

कमरेचं माप महिन्यातून एकदा घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो असं मानतात. काटा स्थिर आणि कमर दोन सेंटिमीटरने कमी, असं महिनोन्महिने होऊ शकतं, विशेषतः व्यायाम चालू असेल तर.

मग जुनी फाइल काढा. सर्जरीआधीचा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आणि रोज किती गोळ्या लागत होत्या ते एका कागदावर, शेजारी आजचं. ज्यांचं इन्शुलिन सुटलं, ज्यांना झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री मशीन लावून झोपावं लागत होतं आणि आता लागत नाही, त्यांना हा कागद बघितल्यावर किलोची चर्चा जरा पोरकट वाटायला लागते.

आणि मुंबईची आपली मापं आहेतच. लोकलमधली चौथी सीट घ्या. तिघींच्या बाकावर चौथीने टेकायचं, हा लेडीज डब्याचा अलिखित कायदा. वजन जास्त असताना आपण “थोडं सरका” म्हणतच नाही. ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंत दाराजवळच्या दांड्याला धरून उभं राहतो, कारण सरकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते माहीत असतं. मग एके दिवशी पाय इतके दुखत असतात की तोंडातून निघून जातं, “जरा सरकता का?” ती मोबाइलमधून मान वर न काढता सरकते. तुम्ही बसता, पाठ थोडी आत जाते, एक पाय मोकळा राहतो, बस्स. कोणी वळूनही बघत नाही. हे माप कुठल्याही काट्यावर येत नाही. ते तारखेसह वहीत लिहा.

अशी आणखी असतात: रिक्षात तिसऱ्याला जागा होणं, दादरचा पूल मध्ये न थांबता चढणं, चपलेचा पट्टा खाली वाकून स्वतः लावता येणं, विमानात पट्ट्याला जोड न मागणं. प्रत्येकाची यादी वेगळी असेल. सर्जरीला जाण्याआधी जी कारणं तुम्ही समुपदेशकाला सांगितली होती ती आठवा. त्यात “साठ किलो” होतं की “मुलीच्या मागे धावता यावं” होतं?

पायरी तिसरी: सात दिवसांची वही

आता खाण्याकडे. यात स्वतःला शिक्षा करायची नाही, फक्त बघायचं. सात दिवस, तोंडात गेलेलं सगळं, वेळेसकट लिहा. त्यात एक रविवार हवाच. कॅलरी मोजायच्या भानगडीत आत्ता पडू नका.

माझ्या ओळखीच्या, घाटकोपरला राहणाऱ्या, सरकारी नोकरीतल्या एका ताईंच्या वहीतलं एक पान त्यांच्या परवानगीने देते:

सकाळी ६:४० — चहा, अर्धी खारी
८:०० — एक अंडं, पाव पोळी
१०:४५ — कटिंग
१:१५ — डबा: मुगाची उसळ, तीन घास पोळी, भात नाही
३:३० — कटिंग, शेव मूठभर (कोणीतरी उघडली होती)
५:१५ — चिवडा, ड्रॉवरमधला
५:५० — कटिंग, दोन मारी
८:४५ — आमटी पातळ, भात चार चमचे
१०:१५ — मुलाच्या ताटातलं उरलेलं

ताईंची तक्रार होती, “मी तर काहीच खात नाही गं.” आणि जेवणांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. दोन्ही जेवणं इवलीशी. पण मधल्या वेळचं सगळं एका जातीचं: कुरकुरीत, किंवा चहात विरघळणारं. लहान झालेल्या पोटात उसळ, अंडं, मासळी अडते, भरल्याची जाणीव देते. खारी, टोस्ट, शेव, वेफर्स, बिस्किटं तोंडातच भुगा होतात, चहाच्या घोटाबरोबर सरळ खाली सटकतात आणि पोट भरतच नाही. इंग्रजीत त्यांना स्लायडर म्हणतात. फरसाणाच्या शंभर ग्रॅममध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात. ड्रॉवरमधली मूठ दिसते त्यापेक्षा महाग पडते.

त्यांनी एकच बदल केला. सव्वापाचची भूक खरी होती, कारण दुपारचं जेवण चार तासांपूर्वीचं आणि पुढे गर्दीची लोकल. तेव्हा डब्यात एक जास्तीची छोटी डबी जायला लागली: भाजलेले फुटाणे, कधी पनीरचे चौकोन मीठ-मिरी लावून, कधी उकडलेलं अंडं. चहा राहिला, साखर अर्धी झाली. ऑफिसच्या फरसाणाशी लढत बसण्यापेक्षा भूक तिथे पोचायच्या आत मिटवणं सोपं जातं.

वही भरल्यावर तुम्हीही असं एकच ठिकाण शोधा. सातही दिवस सारखं दिसणारं, दिवसाच्या त्याच वेळचं. तेवढंच बदला. दहा गोष्टी एकदम बदलणाऱ्यांच्या वह्या पुढच्या महिन्यात सापडत नाहीत.

पायरी चौथी: ताट परत लावा

पहिल्या महिन्यांत पाठ केलेले नियम वर्षभरात ढिले होतात. ते परत आवळायचे. प्रोटीन आधी, भाजी मग, पोळी-भात शेवटी आणि जागा उरली तर. घास बारीक, जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकतं आणि तासाभरात परत भूक लागते. दिवसभरात दीड-दोन लिटर घोट-घोट जायला हवं. मुंबईच्या घामात त्यापेक्षा कमी पडलं तर चक्कर आणि बद्धकोष्ठ ठरलेलं.

रोजचं प्रोटीन साधारण ६० ते ८० ग्रॅम. महाराष्ट्रीय घरात ते कुठून येतं? दोन अंड्यांची बुर्जी १२ ग्रॅम. पन्नास ग्रॅम पनीर ९. वाटीभर घट्ट उसळ ७-८, पण पातळ आमटीच्या वाटीत त्याच्या निम्मंच, कारण आमटीत डाळ कमी आणि पाणी जास्त. पंचवीस ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे भिजवून केले तर १२-१३. सुरमई किंवा बांगड्याचा शंभर ग्रॅमचा शिजलेला तुकडा वीसच्या आसपास. ओला बोंबील आवडीचा असला तरी तो फार पाणीदार, सुरमईइतकं प्रोटीन त्यातून मिळत नाही, आणि रवा लावून तळला की हिशेब आणखी बिघडतो. सुकटात प्रोटीन भरपूर, मीठही भरपूर. जमत नसेल तर डाएटिशियनला विचारून व्हे प्रोटीन (दुधापासूनची प्रोटीन पावडर) घ्या. डब्यातल्या मापाच्या एका मोठ्या चमच्यात (स्कूपमध्ये) २० ते २५ ग्रॅम मिळतं. ज्यांना शाकाहारात साठचा आकडा गाठता येत नाही, त्यांनी त्यात कमीपणा मानू नये.

गोळ्यांचा कंटाळाही याच सुमाराला येतो. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्व, बी१२, लोह. “आता बरं वाटतंय” म्हणून सोडायच्या या गोळ्या नाहीत. बहुतेकांना त्यातल्या बऱ्याचशा जन्मभर लागतात. लोह आणि कॅल्शियममध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. लोह कमी पडलं तर थकवा येतो, थकव्याने चालणं सुटतं, आणि माणूस स्वतःला आळशी म्हणत बसतो. पुष्कळांची “गेलेली उमेद” मला तरी हिमोग्लोबिनच्या रिपोर्टमध्ये सापडलेली दिसते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, तेही बहुधा थांबतं, पण लोह आणि प्रोटीन कमी असेल तर लांबतं.

पायरी पाचवी: स्नायू वाचवा

वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की बसल्या जागी खर्च होणारं इंधन आणखी घटतं. नुसतं चालून हे भरून निघत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. जिमच हवी असं नाही. वन-रूम-किचनमध्येही खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुश-अप, लिटरच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, रबरी बँड ओढणं होतं. दहा-दहाच्या दोन फेऱ्यांनी सुरू करा. सर्जरीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जड उचलायला बंदी असते. कधीपासून चालेल ते सर्जनकडून ऐकून घ्या.

चालणं आठवड्याला निदान १५० मिनिटं, आणि वजन टिकवायचं असेल तर हळूहळू त्याच्या पुढे. वेळ नाही ही तक्रार मुंबईत खोटी नसते, म्हणून चालणं प्रवासात घुसवा. चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंटला जाणारे शेअर टॅक्सीच्या रांगेत उभे राहतात. तेवढ्या वेळात चालत निम्मं अंतर कापून होतं. दादर-माहीमकडच्यांना शिवाजी पार्कचा कट्टा आहे, बोरिवलीकरांना नॅशनल पार्क, ठाणेकरांना तलावाच्या कडा. पावसाळ्यात चार महिने हे सगळं कोलमडतं, त्याची सोय मे महिन्यातच करा: बिल्डिंगचा पार्किंगचा मजला, जिने, घरातल्या घरात व्हिडिओ लावून. ओल्या स्टेशन-पुलांवर भरभर चालण्याचा पराक्रम नको.

एखादं लांबचं ध्येय ठेवायचं असेल तर किलोचं नको, पायांचं ठेवा. घरापासून सिद्धिविनायकाला मंगळवारी पहाटे चालत जाणं, घारापुरीच्या पायऱ्या एका दमात, किंवा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमधली साधारण सहा किलोमीटरची ड्रीम रन. तारीख ठरलेली असली की पाय आपोआप बाहेर पडतात.

पायरी सहावी: वाईट दिवसाची किमान यादी

असे दिवस येणारच, म्हणून त्यांची यादी चांगल्या दिवशी करून फ्रिजवर लावा. माझ्या यादीत तीनच गोष्टी आहेत: प्रोटीन पुरं करायचं, पाणी संपवायचं, गोळ्या घ्यायच्या. चालणं नाही, वजन नाही, वही नाही. तेवढं झालं की दिवस पास. “आज बिघडलंच आहे तर जाऊ दे” हे वाक्य जितकं नुकसान करतं तितकं एका वडापावाने होत नाही.

बाकीचं डोळ्यांसमोर आणि हातापाशी ठेवायचं. गोळ्या ब्रशच्या शेजारी, बूट दाराशी, भरलेली बाटली पर्समध्ये, अंडी रात्रीच उकडून. आणि झोप. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पाचला उठून डबे, असं चाललं तर दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते. यावर उपाय फारसा रोमांचक नाही: लवकर झोपा.

पायरी सातवी: माणसं आणि सणवार

सुरुवातीला कौतुक करणारेच पुढे चौकशी करायला लागतात. मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये विचारतात, “काय गं, थांबलं का तुझं वजन? एवढे पैसे घातले म्हणे.” यावर शरीरशास्त्र समजावून सांगू नका. “थांबलं नाही काकू, टिकलंय,” एवढं म्हणा आणि त्यांच्या गुडघ्यांची विचारपूस करा. लिफ्ट पोचेपर्यंत विषय बदललेला असतो.

घरात सासूबाई ताटात वाढतच राहतात, त्यामागे माया असते. त्यांना नकार देण्यापेक्षा काम द्या: “आई, तुम्हीच माझ्या वाटीत उसळ घट्ट वाढत जा, पाणी नको.” वाढणाऱ्या हाताला ठरलेलं माप मिळालं की आग्रह निम्मा होतो.

सर्जरी झालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांबद्दल माझं मत मिश्र आहे. पहिल्या महिन्यांत फार आधार असतो. पण “माझे सहा महिन्यांत चाळीस गेले” हा मेसेज तुम्ही अडलेल्या आठवड्यात वाचला तर दिवस नासतो. त्यांचं सुरुवातीचं वजन किती, सर्जरी कुठली, वय काय, मधुमेह आहे का, काही माहीत नसतं. ग्रुप म्यूट करा आणि त्यातल्या एकाच माणसाशी चालण्याची वेळ ठरवा.

गणपतीत उकडीचा एक मोदक सावकाश खाल्ला तर कोणी मरत नाही, पण बायपास झालेल्यांनी डंपिंग ध्यानात ठेवावं: गोड पोटात गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब, कधी एक ते तीन तासांनी साखर उतरून गळून जाणं. स्लीव्हवाल्यांनाही हे कधीकधी होतं. म्हणून आधी प्रोटीन, मग मोदक, आणि तोही अर्धा. दिवाळीचा फराळ घरात मोठ्या डब्यात असतो तोपर्यंत जाता-येता हात जातो. आपला वाटा छोट्या वाटीत काढून बसून खायचा. साबुदाणा जवळजवळ सगळा स्टार्च, उपवासाच्या दिवशी त्यावर राहिलात तर प्रोटीन शून्य. घट्ट दही, दूध, पनीर, थोडे शेंगदाणे घ्या. निर्जळी उपवास या शरीराला झेपत नाही, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कुठलाही उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दारूबद्दल थोडक्यात: सर्जरीनंतर, विशेषतः बायपासनंतर, ती फार लवकर आणि जास्त चढते, आणि जेवणातलं सुख गेलेली माणसं नकळत तिच्याकडे वळलेली दिसतात. लांब राहिलेलं बरं.

मनाचं काय

पूर्वी दुःख झालं की खायचो. आता तेवढं खाता येत नाही, दुःख मात्र तेवढंच आहे. हे कोणी आधी नीट सांगत नाही. त्यात आरशात लोंबणारी कातडी दिसते, आणि बारीक झाल्यावर सगळं सुरळीत होईल ही आशा पुरी झालेली नसते, कारण नवरा तोच, नोकरी तीच. कातडीच्या शस्त्रक्रियेचा विचार वजन बराच काळ स्थिर झाल्यावरच होतो. म्हणजे अडलेला काटा तिथे उपयोगीच पडतो.

दोन आठवड्यांहून जास्त मन लागत नसेल, झोप उडाली असेल, लपूनछपून खाणं सुरू झालं असेल, तर समुपदेशकाकडे जा. बहुतेक बॅरिॲट्रिक टीममध्ये असतात. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

लाल रेष, आणि डॉक्टरांकडे काय न्यायचं

आजवरचं सर्वात कमी वजन घ्या, त्यात चार किलो मिळवा आणि तो आकडा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. चार हे माझं माप आहे, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. सरासरी त्या रेषेपर्यंत पोचली की वाट बघत बसायचं नाही, अपॉइंटमेंट घ्यायची. लोक पंधरा किलो परत येईपर्यंत जात नाहीत, कारण लाज वाटते. परत आलेल्या वजनावर आज उपाय आहेत: आहाराची नवी आखणी, थायरॉइडची तपासणी, वजन वाढवणारी औषधं बदलणं (स्टेरॉइड, इन्शुलिन आणि काही मनोविकारांवरच्या गोळ्या त्यात येतात, पण स्वतःहून बंद करू नका), गरज पडली तर भूक कमी करणारी इंजेक्शनं, क्वचित पुन्हा सर्जरी. कुठलंही इंजेक्शन मैत्रिणीला लागू पडलं म्हणून केमिस्टकडून आणू नका.

काही गोष्टींसाठी लाल रेषेचीही वाट बघायची नाही: वारंवार उलट्या, घोट गिळताना अडकणं, पोटात जोराची कळ, काळी शी, पायांना मुंग्या किंवा चालताना झोक जाणं, सारखी चक्कर. तेव्हा त्याच दिवशी जा. सांधेदुखीच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या, खासकरून बायपासनंतर, सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नका, अल्सर होतो. सर्जरीनंतर पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत गर्भधारणा टाळायची असते, ती मुदत संपत आली असेल आणि मूल हवं असेल तर तेही याच भेटीत विचारा.

जाताना सोबत न्या: सात दिवसांची वही, चार-चार आठवड्यांच्या सरासऱ्या, कमरेची मापं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि शेवटचे रिपोर्ट. बी१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, थायरॉइड आणि एचबीए१सीच्या तपासण्या कधी झाल्या होत्या ते पहिल्या पानावर. प्रश्न आधीच लिहून ठेवा, कारण ओपीडीत नंबर लागल्यावर निम्मे विसरतात. त्यातला पहिला असा ठेवा: “माझ्या सर्जरीला आणि माझ्या वयाला हे वजन ठीक आहे का, की अजून उतरायला जागा आहे?” उत्तर आकड्यात मागा आणि तिथेच वहीत लिहून घ्या.